बालवाडीतली आवराआवर आणि श्रमाची प्रतिष्ठा

(विहाराच्या वर्धापनदिनी भरलेल्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



वर्धापनदिन म्हटला की मोठ्या विषयावर बोलायची आपल्याकडे पद्धत आहे. कमिटीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मी पोरांच्या पसाऱ्यावर बोलणार. दोघं-तिघं हसले. एकाने विचारलं, "दादा, हा काय भाषणाचा विषय झाला?" मित्रहो, मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा राहणारा कामगार आहे. जे चार शब्द वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात बसून. पण झाडू कोणाच्या हातात असावा, या एका प्रश्नावर आपल्या देशात हजारो वर्षं समाज बांधला गेला. मग तीन वर्षांच्या पोराने खेळून झाल्यावर ठोकळे डब्यात ठेवावेत की नाही, हा प्रश्न लहान कसा?

आपल्या बालवाडीत सकाळी अकराच्या सुमाराला तुम्ही डोकावलात तर काय दिसतं? मणी सांडलेले, ठोकळे पसरलेले, बाहुलीचा एक हात दारात, कागदाचे कपटे वाऱ्यावर, खडूचा चुरा पायाखाली. हे चांगलं लक्षण आहे. जिथे पसारा नाही तिथे पोरं खेळलीच नाहीत असं समजा. प्रश्न पुढचा आहे. घंटा झाली, पोरं पाणी प्यायला पळाली आणि मागे सगळं मदतनीसताई एकटी वाकून वेचते. रोज वेचते. पोरं हे रोज बघतात. आणि न शिकवता एक धडा शिकतात : आपण पसरायचं, कोणीतरी वेचायचं. हा "कोणीतरी" कोण, ते पुढे त्यांना समाज शिकवतोच.

म्हणून सेविकाताईंनी ठरवलं की खेळ संपल्यावर दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून आवरायचं. त्यावर मागच्या पालकसभेत एक आजी उठून बोलल्या. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे सांगतो. "मी तीस वर्सं लोकांच्या दारात झाडू मारला. तो नातवाच्या हातात द्यायला न्हाई मारला. पोरगं शिकायला धाडलंय, झाडायला न्हाई."

सभा एकदम गप्प झाली. आजीचं खोटं नव्हतंच. मी गावातल्या ज्या शाळेत शिकलो तिथे शनिवारी वर्ग सारवायचे. शेण आणायला कोणी जायचं हे गुरुजींना सांगावं लागत नसे. आमच्या आळीची पोरं आपोआप उठायची. आणि सारवून झाल्यावर तहान लागली तर माठाला हात लावायचा नाही, कोणीतरी वरून ओतेल तेव्हा ओंजळीने प्यायचं. सारवलेल्या जमिनीवर पुढे बसणारे दुसरे आणि मागे बसणारे आम्ही. आजही अधूनमधून वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक शाळेत विशिष्ट वस्तीतल्या मुलांकडून संडास धुऊन घेतले. हाताने मैला साफ करून घेण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला, तरी माणसं गटारात उतरवली जाताना आपण बघतो. मग आजीने घाबरायचं नाही तर कोणी?

आणि आजीच्या बोलण्यामागे बाबासाहेबांची शिकवण आहे हेही लक्षात घ्या. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, लाजिरवाणी कामं सोडा. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं. गावकीच्या नावाखाली रात्रंदिवस राबवून घ्यायचं आणि मोबदल्यात भाकरतुकडा टाकायचा, या गुलामीवर तो घाव होता. आमच्या बापजाद्यांनी ती कामं टाकली, त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला.

पण मित्रहो, बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती जबरदस्ती. स्वच्छता सोडायला सांगितली नाही. उलट त्याच १९२७ सालच्या डिसेंबरात महाडलाच त्यांनी आपल्या आया-बहिणींना सांगितलं की नीटनेटक्या राहा, स्वच्छ राहा, मुलांना शाळेत घाला. म्हणजे एकाच वर्षात, एकाच गावात त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. दुसऱ्याची घाण जन्माने आपल्या वाट्याला येते हे मान्य करू नका, आणि स्वतःचं घरदार, स्वतःचं अंग स्वच्छ ठेवा. या दोन गोष्टींत विरोध नाही, त्या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहिताना त्यांनी दाखवलं की जात नुसती कामं वाटत नाही, ती काम करणारी माणसंच वेगळी पाडते आणि त्यांची उतरंड लावते. ही उतरंड मोडायची सुरुवात कुठून करायची? माझं म्हणणं आहे, जिथे पोराला अजून आपली जात ठाऊक नाही तिथून. बालवाडीतून.

गिरणीतलंच बघा. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी विणाई खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. का? तर धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागायचं आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ व्हायचा. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कष्टकरी तोही, कष्टकरी हाही, पण काम वाटलेलं जातीने.

आता गिरणीतलीच दुसरी गोष्ट. पाळी सुटायच्या आधी आम्ही आपापला साचा पुसून घेतो. रिंग फ्रेमवर रुईचे बारीक तंतू बसतात. ते तसेच राहिले तर सुतात जातात, तार तुटते, आणि पुढच्या पाळीवाल्याला आल्या आल्या तुटलेल्या तारा जोडत पळावं लागतं. म्हणून चांगला कामगार साचा स्वच्छ करून देतो. मालक बघतोय म्हणून नव्हे. पुढचा माणूस आपल्यासारखाच पोटासाठी आलेला आहे म्हणून. आणि त्याला ठाऊक असतं की उद्या सकाळी कोणीतरी आपल्यासाठीही साचा पुसून ठेवणार आहे.

बालवाडीतली आवराआवर मला अगदी अशी वाटते. ठोकळे डब्यात ठेवायचे ते बाई ओरडतील म्हणून नाही. उद्या दुसरं पोर डबा उघडेल तेव्हा त्याला सगळे ठोकळे मिळावेत म्हणून. चित्राचे तुकडे जुळवायचा खेळ आहे ना, त्यातला एक तुकडा हरवला की सगळा खेळ फुकट. ते दुःख चार वर्षांच्या पोराला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. आवरणं म्हणजे आपल्या मागून येणाऱ्यासाठी जागा करून ठेवणं. एवढं एक वाक्य आज घरी घेऊन गेलात तरी माझं भाषण सार्थकी लागलं.

आता कोणी म्हणेल, एवढ्या लहान पोरांना हे कुठलं जमायला! यासाठी मी तुम्हाला एका कामगार वस्तीची गोष्ट सांगतो. इटली देशात रोम शहराच्या सान लोरेन्झो भागात गरीब कामगारांच्या चाळी होत्या. आईबाप कामावर जायचे, पोरं दिवसभर जिन्यात हिंडायची, भिंती खराब करायची. इमारतींच्या मालक कंपनीला भिंतींची काळजी पडली, म्हणून पोरांना एका खोलीत सांभाळायचं ठरलं. ते काम मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंकडे आलं आणि ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांचं पहिलं बालगृह सुरू झालं. म्हणजे ज्या माँटेसरीच्या नावाने आज शहरात भरमसाट फी घेतात, तिची पहिली शाळा तुमच्या-माझ्यासारख्यांच्या पोरांसाठी होती, हे विसरू नका.

तिथे बाईंना काय दिसलं? खेळाचं साहित्य कपाटात कुलपात असायचं. शिक्षिका ते वाटायची आणि नंतर स्वतः गोळा करून ठेवायची. ती ठेवायला लागली की पोरं तिच्या मागे मागे यायची. कितीही जागेवर बसवलं तरी परत यायची. शेवटी माँटेसरीबाईंच्या लक्षात आलं की पोरांना वस्तू स्वतः जागेवर ठेवायच्या आहेत. एके दिवशी कपाटाला कुलूप लावायचं राहून गेलं. पोरांनी आपापल्या हाताने हवं ते घेतलं. बाईंनी त्यांना चोर म्हटलं नाही. त्यांनी ओळखलं की कुठली वस्तू कुठे असते हे पोरांना पाठ आहे, आणि हवं ते निवडायची अक्कलही आहे. तेव्हापासून उंच कपाटं गेली आणि पोरांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी मांडणी आली.

त्याच शाळेतली आणखी एक गोष्ट. बाईंनी एकदा मुलांना नाक कसं शिंकरायचं, रुमाल कसा धरायचा, आवाज न करता कसं पुसायचं, हे करून दाखवलं. झाल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्याशा गोष्टीला टाळ्या का? कारण शेंबडं म्हणून त्यांना आजवर सगळ्यांनी हिणवलं होतं, पण कसं पुसायचं हे कोणी मान ठेवून शिकवलं नव्हतं. बंधूंनो, ही गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. आपल्या पोरांना "घाणेरडे" म्हणणारे पुष्कळ भेटले. शिकवणारे कमी भेटले.

आपल्या महाराष्ट्रात हे काम ताराबाई मोडकांनी आणलं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे प्रयोग केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण ताराबाईंना कळलं की शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरतं हे ठेवून चालणार नाही. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. गावात बालवाडी काढली तर दलित वस्तीतली पोरं येईनात. मग त्यांनी ठरवलं, पोरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी पोरांकडे जाईल. वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरू लागला. अंगणवाडी हा शब्द आपण आज रोज वापरतो, त्याच्या मुळाशी ते अंगण आहे. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेलं. अंगण झाडायचं, पाणी भरायचं, हातपाय धुवायचे, साहित्य मांडायचं आणि उचलायचं, याला त्या मंडळींनी शिक्षणाचाच भाग मानलं. जीवनव्यवहार असं त्याला नाव होतं. महागडं साहित्य नव्हतं. शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या यांवर भागवलं. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पोषण आहार पोचला, लसीकरण पोचलं. अंगणात जी मोकळीक होती ती मात्र प्रत्येक ठिकाणी पोचली असं म्हणता येत नाही.

आता कामाचं बोलू. सेविकाताईंशी बसून आणि आपल्याच बालवाडीत बघून जे कळलं ते सांगतो. बरंचसं घरीही चालेल.

पहिली गोष्ट, वस्तूला घर पाहिजे. "आवर" म्हटलं आणि कुठे ठेवायचं तेच ठाऊक नसलं तर पोर काय करणार? तेलाचे, बिस्किटाचे रिकामे डबे धुऊन घ्या, कडा ठोकून बोथट करा. मण्यांच्या डब्यावर मण्याचं चित्र, ठोकळ्यांच्या डब्यावर ठोकळ्याचं चित्र चिकटवा. वाचता येत नाही तरी चित्र कळतं. मांडणी पोराच्या छातीइतकीच उंच असू द्या. आणि एका वेळी सगळे डबे खाली काढू नका. शंभर वस्तू पसरल्या की मोठा माणूससुद्धा हात टेकतो.

दुसरी गोष्ट, खेळ एकदम तोडू नका. गिरणीचा भोंगासुद्धा आधी इशारा देतो. "आता थोड्या वेळाने आवरायचं हं," असं आधी सांगा. मग रोज तीच खूण करा. टाळीचा एक ठेका, खंजिरीचा आवाज, किंवा ताईंनी स्वतः बांधलेल्या दोन ओळी. रोज तीच खूण, रोज तीच वेळ. आठ-पंधरा दिवसांत पोरं खूण ऐकली की आपसूक वाकतात. एखाद्याने मोठा मनोरा रचला असेल आणि अर्धा राहिला असेल तर तो कोपऱ्यात राहू द्या. उद्या तो पुरा करेल. त्याच्या कामाचा मान राखला तर तो आवरायच्या कामाचा मान राखेल.

तिसरी गोष्ट, काम नेमकं सांगा. "सगळं आवरा" हे लहान पोराला कळत नाही, त्याला नुसता डोंगर दिसतो. "तू लाल ठोकळे आण, तू निळे आण" हे कळतं. तीन वर्षांच्या पोराला एक वस्तू एका टोपलीत टाकणं पुरे. चार-पाच वर्षांचं पोर रंग बघून, आकार बघून वेगळं करतं. पाच-सहा वर्षांची दोन पोरं मिळून चटई गुंडाळतात, ओल्या फडक्याने पाट पुसतात, पेले मोजून ठेवतात. आणि आई-बापांनो, तुम्ही विचारता ना, पोरगं शिकलं काय? हेच शिकलं. लहान-मोठं ओळखलं, एकासारखं एक लावलं, दहापर्यंत मोजलं. पुढे शाळेत जे गणित म्हणतात त्याचा पाया हाच. चटई गुंडाळताना तर मोठा धडा आहे. एकाने भराभर गुंडाळली आणि दुसरा मागे राहिला की चटई तिरकी जाते. मग दोघांना थांबावं लागतं, एकमेकांकडे बघावं लागतं. युनियनमध्ये हा धडा शिकायला आम्हाला वर्षं लागली.

चौथी गोष्ट, आवरणं ही शिक्षा करू नका आणि त्याला लाचही देऊ नका. "दंगा केलास ना, आता तूच झाड," असं एकदा म्हटलं की झाडू म्हणजे अपमान, हे पोराच्या मनात कायमचं बसलं. आपल्या समाजाला तर हे पुन्हा नकोच. आणि "आवरलंस तर चॉकलेट" म्हटलं की चॉकलेट नसेल त्या दिवशी पसारा तसाच. त्यापेक्षा जे झालं ते सांगा. "बघ, मणी डब्यात गेले, आता बसायला जागा झाली." एवढं पुरतं. त्याची दुसऱ्याशी तुलना नको. आणि त्याने घडी वाकडी घातली तर त्याच्या देखत उलगडून परत घालू नका. वाकडी घडी चालते. उद्या कमी वाकडी होईल.

एखादं पोर येतच नाही, कोपऱ्यात हात बांधून उभं राहतं. त्याला ओढू नका. भूक लागली असेल, झोप आली असेल, घरी काही झालं असेल. ताईंनी त्याच्या शेजारी बसून म्हणावं, "हा डबा मी धरते, तू टाक." दोनदा टाकलं तरी खूप झालं.

पाचवी गोष्ट, आणि ही फार महत्त्वाची. लहान मुलांनी करायचं ते त्यांच्या खेळाचं, त्यांच्या खाण्याचं, त्यांच्या जागेचं. संडास-मोरी नाही, फुटलेली काच नाही, फिनेल नाही, मोठ्यांची उष्टी भांडी नाहीत. झाडू द्यायचा तर लहान, त्यांच्या हाताला पेलेल असा, आणि पाच मिनिटांपुरता. आवरून झालं की साबणाने हात धुवायचे, सगळ्यांनी, एकाच नळावर, एकाच साबणाने.

त्या दिवशी पालकसभेत आजींना उत्तर देताना मी तीन प्रश्न मांडले होते. कुठल्याही शाळेत तुमच्या मुलाच्या हातात झाडू दिसला तर हे तीन प्रश्न विचारा. एक, पसारा कोणाचा आहे? दोन, सगळी मुलं करतात का, की ठराविकच? तीन, शिकवणारी बाई स्वतः वाकते का? पसारा मुलांचाच असेल, सगळी मुलं पाळीपाळीने करत असतील आणि बाईही हात लावत असेल, तर ते शिक्षण आहे. यातलं एक जरी उत्तर वेगळं आलं तर ती वेठबिगार आहे. तिथे गप्प बसू नका. मुख्याध्यापकाला विचारा, लेखी तक्रार करा. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे, ती वर्गात मागच्या दाराने येऊ द्यायची नाही.

आजी पुढे एके दिवशी नातवाला न्यायला लवकर आल्या आणि दारातच थांबल्या. आत बँकेत नोकरी करणाऱ्याची मुलगी आणि आजींचा नातू चटई गुंडाळत होते. भाजीवाल्याचा मुलगा पेले लावत होता. सेविकाताई गुडघ्यावर बसून कपाटाखाली गेलेले मणी काढत होत्या. आजी थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई बी वाकलीया. मग हाय बरुबर." तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही. असंच पाहिजे.

पसारा मुलगा करतो आणि आवरते मुलगी, हेही मोडलं पाहिजे. हे बालवाडीतच सुरू होतं. चार वर्षांच्या मुलीला "किती गुणाची गं" म्हणून आपण काम देतो आणि मुलगा पळाला तर "मुलगाच तो" म्हणून हसतो. एक पोरगा ताईंना म्हणाला, "आमच्याकडे हे ताई करते." त्याची ताई सात वर्षांची. ताईंनी त्याला रागावलं नाही. त्या म्हणाल्या, "इथे ताई नाही, म्हणून आपण दोघं करू." आता भिंतीवर पाळीचा तक्ता लावला आहे, प्रत्येकाची खूण चित्राने. कोणी फूल, कोणी पतंग, कोणी मासा. आज चपला रांगेत लावायची पाळी पतंगाची असेल तर पतंगच लावणार, मग तो मुलगा असो की मुलगी. बाबालोकांनो, तुम्ही घरी जेवल्यावर स्वतःचं ताट उचलता का, हे तुमचं पोर बघतं. भाषणाने पोर शिकत नाही, ताट उचललेलं बघून शिकतं.

तसंच मदतनीसताईंचं. पोरं त्यांना काय हाक मारतात? "ए बाई" की "मावशी"? मुलांनी आवरलं म्हणजे मदतनीसताईंचं काम काढून घेतलं असं नाही, त्यांना वेगळी कामं भरपूर आहेत. पण जे पोर रोज पाच मिनिटं वाकून कपटे वेचतं त्याला त्या कामाचे कष्ट कळतात. ते पोर मोठं होऊन रस्त्यावर कागद टाकताना एकदा थांबेल. सफाई कामगाराशी बोलताना "अहो" म्हणेल. आणि त्याला पगार, हातमोजे, रजा मिळाली पाहिजे असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला उभं राहील. जपानमध्ये शाळेतली सगळी मुलं रोज आपला वर्ग स्वतः झाडतात, पुसतात. तिथल्या पालकांना त्यात कमीपणा वाटत नाही.

आपण विहारात बसलो आहोत म्हणून तथागतांच्या संघाची आठवण करून देतो. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंनी राहती जागा कशी साफ करावी ते बारकाईने सांगितलं आहे. आधी वरची कोळ्याची जाळी काढावीत, मंचक बाहेर नेताना दाराला घासू नये, आपटू नये, धूळ दुसऱ्यांच्या अंगावर उडेल अशा बाजूला झटकू नये. एवढा मोठा धम्म सांगणाऱ्या ग्रंथात धूळ कुठे झटकायची हेही आहे! आणि हे नियम कोणाला? उपालि न्हाव्यालाही तेच, शाक्य राजकुलातल्या अनुरुद्धालाही तेच. उपालिला तर आधी दीक्षा दिली, म्हणजे शाक्यांनी त्याला वंदन करावं. आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता, कोणी बघत नव्हतं, तेव्हा तथागतांनी स्वतः पाणी ओतलं आणि आनंदाबरोबर त्याला धुतलं. झाडू घेऊन गावोगाव फिरणारे गाडगेबाबाही हेच दाखवत होते. ते आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तन करायचे. हा क्रम महत्त्वाचा.

आता शेवटचं. नुसतं ऐकून टाळ्या वाजवून जायचं नाही. ज्यांच्या घरी जुन्या फळ्या पडल्या आहेत त्यांनी रविवारी आणाव्यात. सुतारकाम येणारी दोन-तीन माणसं आपल्यात आहेत, बुटकी मांडणी एका दिवसात होईल. ज्यांना चित्र काढता येतं त्या कॉलेजच्या मुलामुलींनी डब्यांवरची चित्रं काढावीत. घरी दहा बाय बाराची खोली असली तरी पोराच्या वस्तूंसाठी एक खोका ठेवा आणि तो त्याचाच असू द्या. रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटं त्याच्याबरोबर तुम्हीही खाली बसा. विशेषतः बापांनी. दुसऱ्या पाळीला असाल तर सकाळी बसा.

आणि आजचा कार्यक्रम झाला की या सतरंज्या मदतनीसताई गोळा करणार नाहीत. अध्यक्षसाहेब एका टोकाला धरतील, मी दुसऱ्या टोकाला धरतो, मध्ये पोरं येतील. खीरदानाचे द्रोण प्रत्येकाने आपापले टोपलीत टाकायचे. संध्याकाळी इथे महिला मंडळाची बैठक आहे. त्या भगिनी येतील तेव्हा त्यांना जागा स्वच्छ मिळाली पाहिजे. त्या आपली पुढची पाळी आहेत.

चला तर, बालमित्रांनो, उठा. भाषण संपलं, आपली पाळी सुरू.

जयभीम, नमो बुद्धाय.